लीलारामचा डबल आणि तात्यांची भाकरी

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. घरात एखादा पत्र्याचा डबा असतो, त्यात जुने खिळे, वायसर, किल्ली हरवलेली कुलपं पडत राहतात आणि एक दिवस झाकण लागेनासं होतं. आमच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी आम्ही पॅकिंगवाले तिघं कुणाच्या लग्नात भेटलो की तो डबा उघडतोच. मग बायका म्हणतात, "झालं! बसले आता पिंपरीचं पुराण घेऊन!"

परवा नातीनं घरी बर्गर आणला. कागद सोडवून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, पहिल्यांदाच खाताय ना? दोन्ही हातांनी धरायचा हं!" मी म्हटलं, "बाळ, तुझा बाप जन्मायच्या आधी मी हा धरायला शिकलोय. फक्त आमच्याकडे त्याला डबल म्हणायचे!"

तिला खरं वाटलं नाही. म्हणून हे सगळं सांगतोय.

०

तेव्हाची पिंपरी म्हणजे एक गाव, एक स्टेशन, सिंधी निर्वासितांचा कॅम्प आणि आमची नवी कोरी औषधाची कंपनी. बाकी नजर जाईल तिथे ज्वारी-बाजरी. कंपनीच्या गेटसमोर, मुंबई-पुणे रस्त्याला लागून एक मोठा लिंब होता. त्याच्या सावलीत लीलारामचा स्टॉल. एक चूल, एक भला थोरला तवा आणि एक बाकडं, एवढाच संसार. कॅम्पातल्या बेकरीतून गोल पाव यायचे. ते तो मधे चिरायचा, आत चण्याची डाळ भरलेली बटाट्याची गरम टिक्की, वर हिरवी चटणी, चिरलेला कांदा आणि हाताने दाबून द्यायचा. सिंधी लोक पावाला डबलरोटी म्हणतात. आम्ही त्यातली रोटी गाळली आणि नुसता डबल ठेवला.

दुपारचा भोंगा झाला की तिथे ही गर्दी! कॅम्पातले, कंपनीतले, एस. टी.चे ड्रायव्हर, सगळे. आम्ही तिघं मात्र आठवडाभर लांबूनच वास घेत होतो. मी नगर जिल्ह्यातला. गोविंद तांबे रत्नागिरीकडचा, कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे उपाय तयार असायचा आणि त्या उपायातून दुसरी अडचण निघायची. तिसरा सोपान, निघोज्याचा, रोज सायकल मारत यायचा. त्याच्या गावात पाव कुणी आजारी पडलं तरच यायचा, तोही लांबट, कागदात गुंडाळलेला.

शेवटी एका दुपारी धीर केला. मी आणि गोविंदने इकडेतिकडे बघून, बाकीचे खातात तसा घास घेतला. अहाहा! चटणी कोपरापर्यंत आली, पण सोडवेना. सोपानने मात्र डबल उघडला, आतली टिक्की काढली, स्वतःच्या डब्यातल्या भाकरीबरोबर मजेत खाल्ली, चटणीही पुसून घेतली. मग पावाचे दोन्ही अर्धे नीट एकावर एक ठेवून उठला आणि रांगेच्या पुढे जाऊन विचारलं,

"लीलारामशेठ, पत्रावळ कुठं टाकायची?"

रांगेत हसू फुटलं. लीलाराम मात्र हसला नाही. म्हणाला, "साईं, पत्रावळ पण खायची असते!"

"आमच्याकडं ती गुरं खात्यात," सोपान म्हणाला.

०

तो लिंब आणि त्याच्याखालची जागा होती ज्ञानू तात्यांची. तात्या पिंपरीतले जुने शेतकरी. त्यांचं बरंचसं रान कॅम्पात आणि कंपनीत गेलं होतं. रस्त्याच्या कडेला एवढा तुकडा राहिला होता. एकदा गोविंदने त्यांना विचारलं, "तात्या, तुम्ही नाही का लागलात कंपनीत?"

तात्या म्हणाले, "माजं रान लागलंय की! एका घरातनं एकालाच घेत्यात म्हनं!"

लीलाराम तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे गेला होता. "तात्या, चार दिवस बसू का लिंबाखाली?" तात्या म्हणाले होते, "बस." ते चार दिवस अजून संपले नव्हते. पण आता तात्यांचा पुतण्या बबन त्याच जागेवर चहाचं हॉटेल टाकायचं म्हणत होता. तात्यांनी त्याला सांगितलं होतं, "दिवाळीनंतर बघू." आणि तात्यांचं 'बघू' म्हणजे निम्मा होकार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. लीलारामलाही.

गंमत अशी, की तात्या रोज दुपारी स्टॉलवर यायचे. बाकड्याच्या टोकाला बसायचे, फडकं सोडायचे, आपली भाकरी, ठेचा आणि कांदा काढायचे. पाणीसुद्धा घरून तांब्यात आणलेलं. लीलाराम रोज विचारायचा, "तात्या, एक डबल?" तात्या रोज म्हणायचे, "न्हाई." त्यात राग नसायचा, काहीच नसायचं. उलट नवीन गिऱ्हाईक आलं की हेच त्याला सांगायचे, "गरम हाय तवर खा. लई भारी लागतो!"

एक ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, तुम्ही खाल्लाय का कधी?"

"म्या कशाला खाऊ? माजी भाकर हाय की!"

०

मी डबल खातो ही बातमी माझ्या गावी पोचली. आमच्या गावचा एक जण पुण्याला जाताना एस. टी. थांबली तेव्हा त्याने मला स्टॉलवर पाहिलं आणि घरी जाऊन आईला सांगितलं, "वसंता पाव खात होता. उभ्यानं!"

आमच्याकडे पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं. ताप उतरल्यावर चहात बुडवून देतात ते. चौथ्या दिवशी आई खोलीच्या दारात हजर! एका हातात काढ्याचं सामान, दुसऱ्या हातात घोंगडी, कमरेला देवीचा अंगारा. रडून डोळे लाल. "पत्रात काही लिहिलं नाहीस रे," म्हणत आत आली आणि मला बघून थबकली. डबल सुरू झाल्यापासून माझ्या शर्टाची बटणं पोटावर ताणायला लागली होती. आईने मला पुढून बघितलं, मागून बघितलं, गालाला हात लावून बघितला.

"आजार चांगला मानवलाय की तुला!" असं म्हणून तिने घोंगडी आपल्याच अंगावर घेतली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी तिला स्टॉलवर नेलं. पहिला घास घेऊन तिने चूळ भरावी तसं तोंड केलं, मग गिळला, मग चुलीजवळ टिक्क्या थापणाऱ्या लीलारामच्या आईकडे बघून म्हणाली, "डाळ भिजवून घालते का ती बाई?" त्यानंतर ती आणि लीलारामची आई दीड तास बोलत बसल्या. एकीला मराठी सोडून काही येत नव्हतं आणि दुसरीला सिंधी सोडून. गावी जाताना आई टिक्कीची कृती शिकून गेली!

०

लीलारामच्या आईला सगळा कॅम्प अम्मा म्हणायचा. ती चुलीजवळ बसून टिक्क्या थापायची. लीलारामचा तवा इतका जड होता, की दोघांनी उचलावा लागे. सिंधमध्ये शिकारपूरला त्यांचं दुकान होतं तेव्हापासूनचा. फाळणीत निघायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाला झेपेल तेवढंच घेता येत होतं. बायकांनी डाग-दागिने कपड्यांत शिवले. अम्माने हा तवा उचलला आणि बोटीत कराचीपासून मुंबईपर्यंत मांडीवर ठेवून आणला.

गोविंद म्हणाला, "काय हो अम्मा! सोनं आणायचं सोडून तवा आणलात?"

लीलारामने सिंधीत विचारलं. अम्माने हातातली टिक्की तव्यावर टाकली, ती चरचरल्यावर उत्तर दिलं. लीलारामने ते आम्हाला सांगितलं.

"ती म्हणते, सोने पे टिक्की नहीं सिकती!"

आम्ही हसलो, तोही हसला. मग तवा पुसता पुसता म्हणाला, "एक बार उठलो, साईं. अम्माचे गुडघे आता दुसऱ्यांदा उठायचे नाहीत." तो इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की मला त्या दिवशी दुसरा डबल मागवेना. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी ठरवलं, काहीतरी करायचं.

गोविंदचा हिशेब सरळ होता. "तात्यांना एकदा चव कळू द्या. जो माणूस डबल खातो, तो स्टॉल उठवेल का हो?"

हिशेबात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तात्यांना एक डबल खायला घालायचा, एवढंच काम! आमच्या पॅकिंगमध्ये दिवसाला हजारो बाटल्या निघायच्या. एक म्हातारा काय अवघड?

०

सोपान म्हणाला, "म्हाताऱ्या मानसांना वाटतं, पाव पायानं मळत्यात. माजी आजी तर पाव बगितला की आधी बेकरीवाल्याचं पाय कसं असतील ते बोलती."

म्हणजे हेच कारण! रविवारी पहाटे आम्ही तात्यांना घेऊन कॅम्पातल्या बेकरीत. तात्या आधी तयार नव्हते, पण "बघायला काय जातंय" म्हटल्यावर निघाले. आत दोन माणसं लाकडी काथवटीत पीठ मळत होती. हातांनी! आम्ही जिंकल्यासारखं तात्यांकडे बघितलं.

तात्यांच्या कपाळावर आठ्या. थोडा वेळ बघितलं, मग राहवेना.

"असं मळत्यात व्हय? अरं, जीव लाव की जरा! म्हशीचं आंबोण हाय का त्ये?"

तात्यांनी पैरणीच्या बाह्या वर सारल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि काथवटीशी बसले. आख्खा घाणा त्यांनी मळला. बेकरीवाले बाजूला उभे राहून बघत होते. त्या दिवशीचे पाव असे फुगले, की लीलारामला चिरायला सुरी पुरेना. दुपारी गिऱ्हाइकं विचारत होती, "आज काय घातलंय?"

लीलारामने त्यातला पहिला पाव उचलला, टिक्की भरली आणि तात्यांपुढे धरला. "तात्या, तुमच्या हातचा आहे. आता तरी?"

तात्यांनी फडकं सोडलं. "मळला म्या, खा तुमी!" आणि ठेच्याला भाकरी लावली.

०

मग गोविंदच्या डोक्यात प्रकाश पडला. "माळकरी असतील हो! देहू इथून किती लांब? कांदा-लसूण चालत नसेल. म्हातारा माणूस तोंडानं बोलत नाही, आपण ओळखायला हवं."

अम्माने दुसऱ्या दिवशी निराळ्या भांड्यात, निराळ्या तेलात, कांदा-लसणाशिवाय टिक्की केली. चटणीही वेगळी वाटली. सकाळपासून ती त्या एका टिक्कीपाशी बसून होती. गोविंदने ती पानावर घेऊन तात्यांपुढे ठेवली आणि देवळात बोलावं तसा आवाज काढला, "तात्या, शुद्ध आहे. कांद्याचा स्पर्शसुद्धा नाही."

तात्यांनी बाकड्यावर कांदा ठेवला होता. त्यांनी त्यावर एक बुक्की मारली. कांद्याचे चार तुकडे झाले, एक गोविंदच्या अंगावर उडाला.

"कांद्याबिगर घास उतरतो का रं कुनाचा?"

ती टिक्की शेवटी सोपानने खाल्ली. पावासकट! तोवर तो पत्रावळ खायला शिकला होता.

०

मधल्या मधे आमच्या सुपरवायझर साहेबांची एक गोष्ट. साहेब पुण्याचे, पांढरा कोट, चष्मा, शिस्त. औषधाचं काम, तेव्हा डिपार्टमेंटमध्ये खायची वस्तू आणायची नाही, हा नियम बरोबरच होता. पण साहेबांना लीलारामच्या स्टॉलचा विशेष राग. "तुमच्या हाताला चटणीचा वास येतो," म्हणून मला दोनदा हात धुवायला पाठवलं होतं.

एके दिवशी गेटवरचा पहारेकरी सगळ्यांची झडती घेत होता. नवीन होता, साहेब ओळखले नाहीत त्याने. कोटाच्या खिशावर हात ठेवला तर खिसा गरम!

"ये क्या है, साब?"

साहेबांनी मागे बघितलं. आम्ही तिघं मागेच उभे. साहेब चष्मा सारखा करून म्हणाले, "औषध आहे."

पहारेकऱ्याने खिशाचा वास घेतला. "किस बीमारी का?"

साहेबांनी खिसा घट्ट धरला. सोपानला त्यांची दया आली. तो मागून म्हणाला, "भुकेचं हाय! दिवसातनं दोन डाव घ्यायचं!"

त्या दिवसापासून साहेब उघड उघड रांगेत उभे राहू लागले आणि मला एकदाच हात धुवायला लागायचे.

०

दसरा झाला. दिवाळी आली. बबन येऊन दोनदा पावलांनी जागा मोजून गेला. बबन वाईट नव्हता. सोपानने त्याला म्हटलं, "डबल खाल्ल्यावर च्या लागतोच की! शेजारी मांड." तर म्हणाला, "सावली एकाचीच हाय, दोन चुली मावायच्या न्हाईत." तात्या तिथेच बसले होते. त्यांनी मान वर करून लिंबाकडे बघितलं.

शेवटी सोपानने सरळच विचारलं. "तात्या, पीठ तुमी सोता मळलंत. कांदा तुमाला चालतो. मंग डबलचं काय वाकडं हाय?"

तात्यांनी भाकरीचा घास खाली ठेवला. "वाकडं काय न्हाई. वास असा येतो, की भाकर गळ्याखाली उतरत न्हाई."

"मंग?"

"आमच्या घरात रीत हाय. ज्याच्या हातचं मीठ पोटात गेलं, त्याला जाग्यावरनं उठवायचं न्हाई. माज्या बानं एकदा रानात बसलेल्या धनगराची अर्धी भाकर खाल्ली, भूक लागली म्हनून. झालं! त्या धनगराची नातवंडं आजून तितंच हायती. म्हनून म्या पानी बी घरचं आनतो." तात्यांनी तांब्या जवळ ओढला. "बबन माज्या मेलेल्या भावाचं पोर. उद्या त्याला जागा द्यायची म्हनलं, तर माजं हात मोकळं नकोत का?"

महिनाभर आम्ही त्या म्हाताऱ्याला नको तिथे ओढत होतो आणि तो रोज तो वास सोसत, कोरडी भाकरी चावत बसला होता. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

गोविंदला मात्र उपाय सुचलाच. तात्या गेल्यावर हळूच म्हणाला, "मग सोपं आहे हो! टिक्की कुस्करून त्यांच्या ठेच्यात मिसळायची. कळणारसुद्धा नाही. मीठ पोटात गेलं की गेलं!"

लीलारामने उलथनं खाली ठेवलं. एवढा शांत माणूस, पण त्याचा आवाज चढला. "हमारे यहाँ भी यही रीत है, साईं. फसवून खायला घातलं तर ते मीठ नाही. जहर आहे."

गोविंद त्यानंतर दोन दिवस स्टॉलवर आला नाही.

०

दुसऱ्या दिवशी तात्या आले, बसले, फडकं सोडलं. लीलाराम गिऱ्हाइकांना डबल देत राहिला. तात्यांनी भाकरी मोडली, कांदा फोडला, ठेचा लावला. मधून मधून लीलारामकडे बघत होते. भाकरी संपली, पाणी पिऊन झालं, फडकं झटकलं. तरी उठेनात.

"लीलाराम, आज इचारलं न्हाईस?"

"नाही, तात्या."

"का रं?"

"तुमचे हात मोकळे राहू द्या."

आम्ही त्याच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात नीट मराठी वाक्य होतं ते. तात्या तांब्या उचलून निघून गेले आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं फडकं बाकड्यावर राहिलं. अम्माने ते धुऊन, घडी घालून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात दिलं.

०

भाऊबीज झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा झाला आणि आम्ही बाहेर आलो, तर लिंबाखाली चूल नव्हती.

लीलारामने कुणी सांगायच्या आत सामान आवरलं होतं. हातगाडीवर बाकडं, डबे, परात आणि सगळ्यांवर तवा, सुंभाने करकचून बांधलेला. चुलीची जागा उकरून, राख काढून, अम्माने सगळं शेणाने सारवलं होतं. गावातल्या बायकांचं बघून ती शिकली होती. बोटांच्या खुणा अजून ओल्या होत्या. लीलाराम म्हणाला, "उसनी जागा. साफ करून द्यायला पाहिजे." साहेबसुद्धा चष्मा काढून पुसत उभे होते.

रस्त्याच्या पलीकडे बबनची बैलगाडी येऊन थांबली. गाडीत खांब, पत्रे, पहार. बबन सारवलेल्या जागेच्या कडेला आला आणि तिथेच थांबला. पाय टाकेना.

मग तात्या आले. रोजच्या वेळेला, रोजच्याच चालीने. सोपानने माझ्या दंडाला धरलं. तात्यांच्या हातात तांब्या नव्हता. फडकंही नव्हतं.

तात्या सारवलेल्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले. बाकडं गाडीवर होतं, म्हणून लिंबाच्या बुंध्याला टेकून खालीच बसले.

बबन म्हणाला, "तात्या, खांब उतरवू?"

"दम धर. भूक लागलीया."

"भाकर आनतो की घरनं. पळत जातो."

"कशाला पळतूस?" तात्यांनी मान वळवली. "लीलाराम, एक डबल दे."

लीलाराम जागचा हलला नाही. अम्माला मराठी येत नव्हतं असं आम्ही समजत होतो. पण तिने आधी सुंभाची गाठ सोडली. सोपान आणि मी तवा उतरवला. नुकत्याच सारवलेल्या जागेत तिने स्वतः तीन दगड मांडले. काटक्या पेटेनात, तर बबनने खाली वाकून फुंकर मारली. दुसरा भोंगा झाला. कंपनीच्या गेटकडे कुणी गेलं नाही. आम्ही साहेबांकडे बघितलं, साहेब तव्याकडे बघत होते.

टिक्की चरचरली. लीलारामने पाव चिरला, चटणी लावली, कांदा घातला, दाबला. तात्यांपुढे उकिडवा बसून त्याने डबल धरला, पण दिला नाही.

"तात्या," तो म्हणाला, "इसमें मीठ है."

तात्यांनी डबल त्याच्या हातातून घेतला. उघडला नाही, टिक्की वेगळी काढली नाही. दोन्ही हातांनी धरून, बबनकडे बघत, मोठा घास घेतला. सावकाश चावला. चटणी मिशीला लागली. घास गिळून तात्यांनी मिशी पुसली आणि डबल परत लीलारामपुढे धरला.

"कमी हाय," तात्या म्हणाले. "आजून टाक."